डावीकडे ओढणारा रिमोट

मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, टीव्हीवर गाड्यांच्या शर्यती खेळतात ना, त्या खेळाचा. मित्रांनो, आत्मवृत्त सांगायचे म्हणजे चार गोष्टी मिरवायच्या असतात, हे मला ठाऊक आहे. माझ्यापाशी मिरवण्यासारखे फारसे नाही. जे आहे ते सांगताना मान खाली जाते. तरी सांगतो, कारण कोणी काही न सांगितल्यामुळेच सगळा घोटाळा झाला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून जाता जाता माझ्यात तारा बसल्या, बटणे बसली आणि अंगठ्यांखाली येतील अशा दोन दांड्या बसल्या. डावी दांडी जिकडे झुकवाल तिकडे पडद्यावरची गाडी वळणार, अंगठा काढला की दांडी आपोआप मधोमध उभी राहणार. तपासणाऱ्या बाईंनी मला फिरवून पाहिले आणि 'पास' म्हणून पुढे ढकलले. आयुष्यात मी पास झालो तो तेवढाच.

पहिला मालक कॉलेजात जाणारा होता. जिंकला की तो माझे मुके घ्यायचा आणि हरला की मला गादीवर फेकायचा. एकदा त्याचा नेम चुकला आणि मी भिंतीवर आपटलो. माझ्या डाव्या दांडीची मान जी लचकली ती कायमचीच. तेव्हापासून कोणी हात लावला नाही, तरी माझी गाडी हळूहळू डावीकडे जाते. त्या पठ्ठ्याने खेळाचे नवे यंत्र आणले आणि जुने यंत्र, माझा धडधाकट जुळा भाऊ आणि मी अशी वरात जुन्या बाजारात विकून टाकली. तिथल्या दुकानदाराने मला पुसून लखलखीत केले. वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी माझी गत झाली.

तिथून आम्हाला एका पेंटरने घरी नेले. हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. घराची बाहेरची खोली हेच त्याचे कामाचे ठिकाण, त्यामुळे एका भिंतीला पाट्या टेकलेल्या आणि समोरच्या भिंतीला टीव्ही. घरात त्याची बायको होती आणि बारा वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती म्हणून तिचे नाव चिमटी पडले, आणि आता ती बापाच्या खांद्याला लागली तरी ते सुटले नव्हते.

घरचा जुना टीव्ही एका कोपऱ्यात जांभळा पडला होता. मोठा टीव्ही आणि खेळ हवा म्हणून चिमटीने वर्षभर भुणभुण लावली होती. आईचे म्हणणे एकच, अंथरूण पाहून पाय पसरायचे. मग एका बंद पडलेल्या लॉजमधून टीव्ही स्वस्तात मिळाला. तो सुरू केला की आधी 'आपले स्वागत आहे, खोली क्रमांक एकशे चार' अशी अक्षरे यायची, आणि पेंटर रोज न चुकता बायकोला विचारायचा, "साहेब, चहा खोलीत पाठवू का?" टीव्हीखालची फळी त्याने एका जुन्या पाटीची केली होती. तिच्या खालच्या अंगाला अजून लिहिलेले आहे, 'येथे सर्व वस्तू दुरुस्त करून मिळतील.' मी रोज त्या फळीवर बसायचो. लाजेला निमित्त कशाला शोधायला हवे!

पहिल्याच दिवशी चिमटीने दोन्ही रिमोट हातात घेऊन पाहिले. माझी गाडी गवतात गेली. तिने पुन्हा पाहिले, पुन्हा गवतात. वडील आत आले तेव्हा मला त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, हा तुझा."

पोरगी वाईट नव्हती, मित्रांनो. तिला फक्त जिंकायचे होते. मैत्रीण आली की मैत्रिणीला मी, मावसभाऊ आला की त्याला मी. मी पाहुण्यांचा रिमोट झालो, आणि बाबा रोजचा पाहुणा. तो बिचारा हरूनही खूश असायचा. पोरगी मोठी होत चालली होती, शाळेतले काही सांगायची नाही. संध्याकाळी ती शेजारी बसायची ती या खेळापुरतीच. रोज त्याची गाडी गवतात जायची, रोज ती खिदळायची. "बाबा, सरळ रस्त्यावर पण तुला सरळ जाता येत नाही?" असे ती एकदा म्हणाली. तोही हसला. पण त्या हसण्यानंतर त्याने आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला, हे मी पाहिले.

कारण सरळ रेघ हीच तर त्याची कमाई होती. गावातले बाकीचे पेंटर दोरी मारून, पट्टी लावून रेघ ओढायचे. हा करंगळी टेकवायचा, श्वास धरायचा आणि हातभर रेघ एका दमात ओढायचा. लोक थांबून बघायचे. आता मात्र रेघ ओढण्याआधी तो थबकू लागला. एके दिवशी त्याने खिशातून चिकटपट्टी काढली, पाटीवर लावली आणि तिच्या कडेने रंग भरला. बायकोने विचारले तर म्हणाला, डोळे थकलेत. तिने हट्टाने डोळे तपासून आणायला लावले. डोळ्यांत काही दोष निघाला नाही. मग दोष कुठे राहिला? त्याच्या मते एकच जागा उरली होती.

आणि तो दोष त्याच्याच मुठीत होता, माझ्यात. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. रोज संध्याकाळी तो मला जपून धरायचा, अंगठा उजवीकडे रेटायचा, घामाघूम व्हायचा आणि पुन्हा गवतात जायचा. माझे प्लास्टिक वितळून जावे असे मला वाटायचे.

अशातच चिमटीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. शाळेची लांबलचक कुंपणभिंत रंगवायची होती, वर शाळेचे नाव आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ. चिमटीने वर्गात आधीच सांगून ठेवले होते की भिंत माझे बाबाच करणार. पेंटरने त्यांना पाणी दिले, इकडचे तिकडचे बोलला आणि शेवटी म्हणाला की सध्या हातात फार कामे आहेत, दुसऱ्या कुणाला सांगा. हातात एकही काम नव्हते. बाई गेल्यावर बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तेव्हा तो हळूच म्हणाला, "एवढी लांब रेघ आता माझ्याच्यानं नाही व्हायची. हात गेला माझा."

चिमटी दारात उभी होती. तिने ऐकले. पण त्या दिवशीही तिने माझी खोट सांगितली नाही. लाज वाटली की माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसला की लाज वाढते. चार दिवसांनी शाळेच्या भिंतीवर दुसराच पेंटर चढला. ती घरी आली, जेवली नाही. संध्याकाळी बाबाने सवयीने मला उचलले, तर तिने मला त्याच्या हातातून काढून घेतले आणि माझा धडधाकट भाऊ पुढे केला.

"आज तू हा घे."

त्याची गाडी सुटली ती सरळ. वळणावर वळली, पुन्हा सरळ. तो मोठ्याने हसला, मग हसू थांबले. त्याने चिमटीच्या हातातून मला घेतले, तळहातावर ठेवले आणि दोन्ही अंगठे वर उचलले. पडद्यावरची गाडी आपली आपण डावीकडे गेली, गवतात.

"तुला माहीत होतं?"

तिने मान डोलावली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटले आता थप्पड बसणार, निदान मला तरी. तो एवढेच म्हणाला, "मला वाटलं, माझा हात गेला." मग चिमटी जी रडायला लागली ती आई आली तरी थांबेना. भिंत परत माग, असे ती बापाला सांगत राहिली. पण दुसऱ्याचा ब्रश लागलेली भिंत मागायची नसते, ही त्यांच्या धंद्यातली रीत आहे. भिंत गेली ती गेलीच. चिमटी रोज तिच्या कडेने शाळेत जाते आणि त्या बाजूला बघत नाही.

रविवारी ती मला कचऱ्यात टाकायला निघाली. बाबाने अडवले. "टाकायचा कशाला? ज्याच्या हातात देशील त्याला सांगून दे." त्याने सगळ्यात बारीक ब्रश काढला, तिला मला उलटे धरून ठेवायला लावले, करंगळी टेकवली आणि माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिले, 'हा डावीकडे ओढतो.' मग श्वास धरला आणि अक्षरांखाली एक रेघ ओढली. चिकटपट्टी खिशातच राहिली.

आता मी चिमटीचा रिमोट आहे. तिनेच मला मागून घेतले. ती रोज हरते.

मित्रांनो, जुनी वस्तू घ्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही. खोट असलेली वस्तूही वापरा, जपून वापरलीत तर तीही साथ देते. पण ती दुसऱ्याच्या हातात देताना तिची खोट सांगून द्या, नाहीतर घेणारा ती आपल्या हातात शोधत बसतो. पाहुणे येतात, मला उलटे करतात, वाचतात आणि हसतात. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखे होते. पण त्या अक्षरांखालची रेघ एकदा निरखून बघा. ती सरळ आहे.