बस म्हणणारं जनुक

सोमवारी प्रार्थनेला उभी असताना माझ्या उजव्या टाचेतून मूळ फुटलं. प्रार्थनेत हलायचं नसतं, म्हणून मी हलले नाही. शेवटच्या ओळीपर्यंत ते बुटाचा तळ भेदून मैदानात शिरलं होतं.

"अय्या ओवे, तू उगवलीस!" मागून सानिका म्हणाली.

"हो ना. छान वाटतंय."

खरंच वाटत होतं! आणि मुळांचं मला सगळं ठाऊक होतं. विज्ञान प्रदर्शनासाठी तीन महिने मी काचेच्या बरणीत मोहरी वाढवली होती. एका रोपाचं मूळ थांबतच नव्हतं. मुळाला 'बस' म्हणणारं जनुक त्याच्यात बिघडलं असणार, असं मी वहीत लिहिलं. रोज पट्टीनं मोजून अख्खी वही भरली. शनिवारी विज्ञानाच्या पाटणकर सरांनी वहीवरचं 'ओवी ढमाले' खोडलं आणि पुतणीचं नाव घातलं, केतकी पाटणकर. वर मला म्हणाले, "तू पाणी घालायला मदत केलीस, शाब्बास."

तर ते जनुक मी आता माझ्यात शोधलं. डाव्या गुडघ्यामागे होतं, तिळाएवढं. दिव्याच्या बटणासारखं दाबून बंद केलं.

मंगळवारी मी मुळांनी प्रयोगशाळेखाली पोचले, बुधवारी स्टाफरूमखाली. बाई खिडकीतूनच माझी हजेरी घेत. मैदानात उभ्या उभ्या मला सरांच्या चहातली साखर कळत होती. तीन चमचे.

गुरुवारी प्रदर्शन मैदानातच भरलं. पाहुण्यांनी केतकीला विचारलं, "मूळ थांबतं कसं, बाळ?"

केतकीनं काकाकडे पाहिलं. सरांनी पुढे यायला पाय उचलू पाहिला. तो उचलला गेला नाही.

त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे. "ए मुली, आवर हे."

"माझं नाव काय, सर?"

"आधी आवर म्हणतो ना!"

"वहीवर होतं बघा. निळ्या पेनानं."

मुळं त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आली, मग पट्ट्यापर्यंत. मी मोजत होते, नेहमीसारखी, मिलिमीटरमध्ये. टायच्या गाठीपाशी आली तेव्हा ते ओरडले, "ओवी! ओवी ढमाले! वही तिची आहे!"

अख्ख्या मैदानानं ऐकलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं ना तुझं समाधान? थांबव आता."

"थांबवते, सर," मी म्हणाले, आणि डाव्या गुडघ्यामागे हात नेला.

बोटांना तिथे नुसती खरखरीत साल लागली.