कॅप्टनचा ट्रॅक

माझ्या नवऱ्याच्या मोटरसायकलला ब्रेक नाही. स्पीडवेच्या, म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवरच्या शर्यतीच्या, कुठल्याच गाडीला नसतो. पण मुंडेकच्या जिभेलाही ब्रेक नाही, आणि हे मात्र सगळं त्याचं स्वतःचं कर्तृत्व. जुलैच्या सुरुवातीला क्लबचे अध्यक्ष बोरुत्स्की त्याला म्हणाले, "मुंडेक, एकेचाळीस झाले तुला," तर हा म्हणतो, "साहेब, तुम्ही साठी ओलांडलीत, तुम्हाला कोणी खुर्ची सोडायला सांगितलं का?"

बोरुत्स्की हसले नाहीत. त्यांनी अट घातली. महिन्यात चार सामने, त्यात मुंडेकचे स्वतःचे चाळीस गुण. झाले तर पुढच्या वर्षीचा करार, नाही झाले तर घरी बसायचं.

मी यादविगा, त्याची बायको आणि त्याची मेकॅनिक. माझे वडील याच क्लबकडून, ओल्शानीच्या ससाण्यांकडून, शर्यती मारायचे, त्यामुळे माझ्या हातात चमच्याआधी पाना आला. चाळीस गुण ऐकून मी अजिबात घाबरले नाही. एका शर्यतीत चौघे धावतात, दोन आपले, दोन त्यांचे. चार फेऱ्या. सामन्यात अशा पंधरा शर्यती, एकेकाच्या वाट्याला चार-पाच. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. आणि मुंडेकला भोपळा आवडत नाही.

पहिला सामना बाहेरगावी होता. आम्ही जिंकलो आणि मुंडेकने बारा घेतले. येताना गाडीत तो इतका बेसूर गात होता की शेवटी मी त्याच्या तोंडात सॉसेज कोंबलं.

दुसरा सामना घरी. आमच्याकडे जुनी रीत आहे: आदल्या दिवशी ट्रॅक कसा हवा ते कॅप्टन सांगतो आणि त्याप्रमाणे ट्रॅक्टर फिरतो. मुंडेक कॅप्टन. त्याला मऊ, खोल, ओला ट्रॅक लागतो, मागचं चाक घोट्याएवढं रुतलं की त्याला आनंदाच्या उकळ्या फुटतात. तो म्हणाला, "नांगरा! पाणी मारा! पाहुण्यांना चिखल चाखवू." सगळे हसले, मीही हसले. मग रविवारी पाहुणे सुखाने फिरले आणि आमचीच पोरं एकेक करून कुंपणात गेली. आजची पोरं घट्ट ट्रॅकवर वाढलेली, त्यांना नांगरटीत गाडी घालायची सवय कुठे! दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आम्हीच पडलो. मुंडेकचे मात्र चौदा.

आमचा एकोणीस वर्षांचा कात्सपेर नाकातून माती काढत माझ्याकडे आला. चांगला पोरगा, पण स्पष्ट बोलतो. "काकू, काकांना सांगा, पुढच्या वेळी बटाटे पण लावा. निदान पीक तरी येईल."

मुंडेकने ऐकलं. मला वाटलं आता भडकणार. तो सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला. घरी आल्यावर मीच भडकले. "चौदा गुण आणले आणि तोंड असं का पाडलंयस?"

"सामना हरलो ना, बाई."

तिसरा सामना पुन्हा बाहेर, ट्रॅक रस्त्यासारखा घट्ट. कात्सपेरने तेरा मारले, आम्ही जिंकलो. मुंडेकला सात मिळाले. बारा, चौदा, सात. तेहेतीस. उरले सात, आणि शेवटचा सामना आमच्या घरी, गोझेल्नोशी. गोझेल्नो म्हणजे शेजारचं गाव, तिथले लोक आमच्या सॉसेजलाही नावं ठेवतात. जिंकलो तर पहिल्या चारांत, म्हणजे प्लेऑफ. बरोबरीही चालणार नव्हती.

शनिवारी ट्रॅक्टर ट्रॅकच्या दाराशी उभा राहिला. मऊ ट्रॅकवर सात गुण म्हणजे मुंडेकच्या डाव्या हातचा मळ. तो ट्रॅकवर उतरला, टाच रुतवून बघितली, पुन्हा बघितली. बोरुत्स्की कठड्यापाशी उभे होते. मी मनातल्या मनात ओरडत होते, नांगरा म्हण, अरे नांगरा म्हण!

"रोलर फिरवा," मुंडेक म्हणाला. "एकदम घट्ट करा. पोरांना आवडतो तसा."

मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाही. मग म्हटलं, "करार गेला तर?"

"सात गुण आहेत गं. घट्ट ट्रॅकवर काय मी मेलोय?"

त्याच्या या घमेंडीवर मी लग्नाआधीही भाळले होते.

रविवारी स्टेडियम खचाखच भरलं. कात्सपेर सुटला तो सुटलाच. मुंडेक धडपडत होता, एक, एक, दोन, भोपळा. चार गुण. शेवटची शर्यत उरली तेव्हा धावफलकावर बेचाळीस-बेचाळीस. आमचा डेनिश रायडर मनगट धरून बसला होता. शेवटच्या शर्यतीला कात्सपेरबरोबर कोण, हे प्रशिक्षक ठरवणार होता. कात्सपेरच मध्ये पडला. "काका पाहिजेत. सुरुवात त्यांच्यासारखी इथे कोणाला जमते?"

मी हिशेब केला. चार आणि तीन, सात. मुंडेक पहिला आला की करार खिशात. मी त्याच्या हेल्मेटवर थाप मारली. "पहिला ये. ऐकलंस? पहिला!"

सुरुवातीची फीत वर गेली आणि माझा म्हातारा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला. पहिल्या वळणावर सगळ्यात पुढे! मी किंचाळले. मग मागे बघितलं. गोझेल्नोचा पांढऱ्या हेल्मेटचा दुसरा, पिवळ्या हेल्मेटचा तिसरा, कात्सपेर शेवटचा. असंच संपलं तर तीन-तीन, म्हणजे बरोबरी. म्हणजे प्लेऑफ नाही.

मुंडेकने मान वळवून पाहिलं. मला त्याची नजर दिसली नाही, पण मान दिसली, आणि मी समजले. "नको," मी म्हणाले. बाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले.

पुढच्या वळणावर तो आतली वाट सोडून बाहेर सरकला. त्याच्यामागून पांढराही बाहेर खेचला गेला, पिवळा दोघांच्या मागे अडकला, आणि कात्सपेर आतल्या रिकाम्या वाटेने सुईतून दोरा जावा तसा निघून गेला. मुंडेकचा वेग तेवढ्यात पडला, पांढरा त्याला ओलांडून गेला. आता पिवळा. उरलेल्या तीनेक फेऱ्या माझ्या नवऱ्याने त्या पिवळ्याला वाट दिली नाही. डावीकडे आला, दार बंद. उजवीकडे आला, दार बंद. कात्सपेर पहिला, मुंडेक तिसरा. सेहेचाळीस-चव्वेचाळीस.

मी रडले. लाज कसली, ढसाढसा रडले, आणि त्याला शिव्या घालत रडले.

आमच्याकडे जिंकल्यावर सामन्याच्या हिरोला हवेत उडवतात. पोरं कात्सपेरकडे धावली, पण तो सगळ्यांना ढकलत मुंडेकपाशी आला. "यांना उचला! यांना!"

"अरे सोडा गाढवांनो," मुंडेक ओरडत होता, "पाच गुण आहेत माझे! पाच गुणवाल्याला कोणी उडवतं का?"

उडवला. बोरुत्स्की माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. अडतीसच झाले, ते म्हणाले, आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

"मी कुठे काय मागितलं?" मी म्हणाले. "यंदाचा मोसम तर अजून त्याचाच आहे ना?"

त्यांनी मान हलवली. हो, तेवढा होता. तेवढ्यात गर्दीच्या डोक्यांवरून, पाय वर आणि डोकं खाली अशा अवस्थेत, माझा नवरा मला हाका मारायला लागला.

"यादविगा! इंजिन उतरव! तिसऱ्या फेरीत खोकत होतं! रविवारी प्लेऑफ आहे, बाई, उभी काय राहिलीस?"