कमरेचं निमित्त

“इथे दुखतं?”

मिस्त्री तपासणीच्या टेबलावर पालथा पडला होता, तोंड उशीत. डॉक्टरांचा अंगठा मणक्यांवरून एकेक करत खाली सरकत होता. काहीतरी बोलणं भाग होतं.

“हां. तिथेच.”

“तिथे नाही हो, आणखी खाली दुखतं त्यांना,” खुर्चीवरून बायको म्हणाली. “वाकलं की कळ येते. गादीवर झोपवत नाही. दीड वर्ष झालं, बाहेरच्या खोलीत फळीवर झोपतात.”

तिला सगळं तोंडपाठ होतं. असणारच, दीड वर्ष तो रोज हेच सांगत आला होता. खरं म्हणजे मिस्त्रीची कंबर ठणठणीत होती. कुणी बघत नसतं तर सागाचं दार खांद्यावर टाकून तो तीन जिने चढला असता. दुखणं होतं ते दुसरंच. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, तशातली गत. हा डॉक्टर जावई नव्हता, पण वयाने जावयाएवढाच, आणि वर बायको शेजारी बसलेली!

पहिल्यांदा जमलं नाही तेव्हा त्याने दमल्याचं निमित्त सांगितलं. ती म्हणाली, झोपा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच झालं. मग मनात भीतीच बसली. आज जमेल का, एवढ्या विचारानेच अंग गार पडायचं. चौथ्या वेळी तिने नुसता छातीवर हात ठेवला, तर हा गडी कमरेला हात लावून ओरडला, “आई गं!” ती बिचारी दचकून उठून बसली. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या फर्निचरच्या कारखान्यातून एक फळी आणली आणि बाहेरच्या खोलीत टाकली. सुटलो, असं त्याला वाटलं. सुटतोय कसला!

खोटं एकदा घरात आलं की त्याला पोसावं लागतं. कारखान्यात भागीदाराने त्याला खुर्ची दिली आणि ड्रॉवर घासायला बसवलं. नव्या जोडप्याचा पलंग बनत असला की तिथले लोक हसत म्हणायचे, “मिस्त्री, पाय जाड घाला हं, नवरदेव दमदार आहे!” मिस्त्री सगळ्यांच्या आधी हसायचा. घरी बायको चाळीस पायऱ्या चढून पाणी आणायची, सिलेंडर ओढत न्यायची. तो एक हात कमरेवर ठेवून बघत राहायचा. कधी पाय पुढे पडायचाच, तर तीच ओरडायची, “तुम्ही हात लावू नका बरं!” इतक्या मायेने ओरडायची की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मधल्या भिंतीपलीकडे ती कूस बदलायची ते त्याला ऐकू यायचं. तीस वर्षं संसार केलेली बायको भिंतीपलीकडे, आणि हाक मारायची चोरी.

सांगून टाकावं असं शंभरदा मनात आलं. पण कंबर धरलेल्या नवऱ्याची बायको काळजी घेते. या दुखण्याचं ती काय करील? हसली तर? आणि नाही हसली, कीव केली, तर मग काय करायचं?

आज मात्र गळ्याशी आलं होतं. वाटेत ती म्हणाली होती, “कमरेचा फोटो वाईट आला ना, तर उद्याच भागीदाराला सांगते. तुमचं काम बंद. मी बघते काय करायचं ते.”

डॉक्टरांनी फिरून त्याच मणक्यावर अंगठा दाबला.

“आणि इथे?”

“नाही. इथे काही नाही.”

अंगठा थांबला.

“ताई,” डॉक्टर म्हणाले, “सकाळी काढलेला एक्स-रे खाली तयार असेल. घेऊन येता? थोडं थांबावं लागेल.”

ती गेली. मिस्त्री उठून बसला आणि शर्टाची बटणं लावू लागला. एक बटण चुकलं, म्हणून सगळीच चुकली.

“मघाशी इथेच दुखत होतं, आता नाही,” डॉक्टर म्हणाले. “काम नकोसं झालंय का, मिस्त्री?”

“काम पाहिजे हो! कामाशिवाय मी काय...” तो अडखळला. मग खाली फरशीकडे बघत म्हणाला, “बायकोजवळ जमत नाही.”

डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले.

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच. दीड वर्ष.”

“पहाटे जाग येते तेव्हा? आपोआप?”

“पूर्वी व्हायचं. आता तेही नाही.”

“तंबाखू? रात्री लघवीला किती वेळा उठता?”

“तंबाखू आहे. उठतो तीनदा तरी.”

“साखर कधी तपासलीत?”

“मला काय धाड भरलीय?”

“तेच बघायचंय. हे बघा, तिथल्या शिरा बारीक. रक्त नीट पोचत नसलं की पहिल्यांदा तिथे कळतं, हृदयाचं गाऱ्हाणं मागून येतं. कधी साखर असते, कधी रक्तदाब, कधी नुसती भीती. तुमच्यात भीतीही दिसतेय. आत्ता रक्त द्या आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना दाखवा, ते यातले आहेत. औषधं चांगली आहेत. पण दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका, छातीच्या काही गोळ्यांबरोबर ती घातक असतात.”

“बरं वाटेल?”

“पुष्कळांना वाटतं. घरी सांगितलंत?”

मिस्त्री चुकलेली बटणं सोडू लागला.

बायको मोठा लिफाफा दोन्ही हातांत धरून आली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला.

“कंबर उत्तम आहे, ताई.”

“मग दुखतं कशाने?”

“ते सांगतील,” डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी लिहू लागले.

रक्त द्यायला रांग होती. दोघं बाकाच्या टोकाला बसली. मिस्त्रीने दोनदा घसा खाकरला.

“कमरेला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं.” मग एका दमात म्हणाला, “माझं मलाच जमत नव्हतं. तुझ्याजवळ यायची भीती वाटायची.”

तिने मांडीवरचा लिफाफा बाजूला ठेवला.

“कधीच नव्हतं?”

“नाही.”

“मी पाणी चढवत होते, तेव्हा तुम्ही ठणठणीत होतात?”

“होतो.”

“आणि सिलेंडर?”

“तेव्हाही.”

“अहो, जनाची नाही, मनाची तरी!” तिचा आवाज चढला. समोरच्या नर्सने वळून पाहिलं. ती हसेल, कीव करील, याची मिस्त्रीने तयारी ठेवली होती. सिलेंडरची नव्हती.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “मला वाटलं, मीच नकोशी झाले. दीड वर्ष हेच वाटत होतं मला.”

“तू? नाही गं! देवाशप्पथ नाही.”

“मग सांगायचं होतंत. नाही जमत तर नाही. नुसतं शेजारी झोपायला काय लागतं?” तिने डोळे पुसले. “एवढं मोठं घर वाटायला लागलं होतं मला ते. दोन खोल्यांचं.”

नर्सने त्याचा नंबर पुकारला. तीही बरोबर उठायला गेली आणि बाकाची पाठ धरून अर्धवट वाकलेली तशीच राहिली.

“काय झालं?”

“काही नाही. सरळ व्हायला वेळ लागतो.”

“कधीपासून?”

“झालं की वर्ष.” ती ओठ दाबून हळूहळू ताठ झाली. “तुमचीच एवढी दुखत होती. त्यात माझं कुठे सांगत बसू?”

मिस्त्रीने तिच्या पाठीवर हात ठेवला. भर दिवसा, एवढ्या लोकांत. तिने तो काढला नाही. नर्सने दुसऱ्यांदा नंबर पुकारला, पण तो तिकडे वळला नाही. तिला सावकाश चालवत, हात न काढता, तो मागे गेला आणि हाडांच्या डॉक्टरांचं दार त्याने पायाने ढकललं.

डॉक्टरांनी वर पाहिलं. “आता काय, मिस्त्री?”

“कंबर दुखते,” मिस्त्री म्हणाला. “हिची.”