पाठीवरचा डबा

बोनकोड्याच्या तळ्यात सकाळी सहाला माणसं आपल्याच अंगणात उतरावं तशी उतरतात. बाजारात गोणी वाहणारे हौसेराव, बँकेतले साहेब, कासोटा घातलेल्या गावच्या बायका. पाणी सगळ्यांना एकाच मायेनं उचलून धरतं.

सीवूड्सच्या गीतांजलीला मात्र पाण्याआधी शेवंताबाई लागायच्या. सत्तरीच्या शेवंताबाई गावातल्याच. नवशिक्याच्या पाठीला त्या तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधायच्या, तोही कमरेइतक्या पाण्यात. पाण्यात बांधायचा, पाण्यातच सोडायचा. असेल काही श्रद्धा, असं गीतांजलीला वाटे.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत ती प्रत्येक सहलीला काठावर बसून सगळ्यांच्या चपला राखत आली होती. एकदा तरी समोरचा काठ आपल्या हातांनी गाठायचा, एवढंच तिला हवं होतं.

"म्याडम, डब्याचं लायसन कधी संपणार?" हौसेरावांनी पाण्यातूनच विचारलं.

"तुम्हाला पोट आहे, मला डबा लागतो."

ती निघाली. शेजारून शेवंताबाई, हिरव्या नऊवारीत, थेंबही न उडवता. जणू पाण्याला घडी घालत चालल्या होत्या. मधोमध गीतांजलीचा दम तुटला.

"डबा हाय ना," शेवंताबाई म्हणाल्या.

तेवढ्यावर हात पुन्हा चालू लागले, आणि समोरच्या पायरीला लागले.

आनंदात ती तशीच वर चढली, तर पाठ मागं ओढली गेली. डबा जड. आत काठोकाठ पाणी.

"मावशी, हा भरलाय."

"रोज तांब्याभर मीच घालत व्हती. पुरा भरून आठ दिस झालं."

"आणि मी बुडाले असते तर?"

"मी काय बाजूला झोपलेली व्हती?"

गीतांजलीनं मागं वळून पाण्याकडे पाहिलं. आठ दिवस आपण नुसत्या पाण्यावर होतो. शेवंताबाईंनी डबा सोडून शांतपणे ओतला.

"रिकामा बांधू? का काठानं चालत जातंस?"

गीतांजलीला राग आला होता आणि हसूही. पाणी समोर पसरलं होतं, हिरवं, कोवळ्या उन्हानं विणलेलं.

"तुमच्याच पाठीला बांधा," म्हणत ती उतरली.

हात मारला. खांदे हलके झाले होते; पाणी पोटाखालून वाहत होतं, थेट अंगाला लागून. ती किती पुढं गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

"हलू जा गो," मागून आवाज आला. "मी म्हातारी हाय."

गीतांजली थांबली. खोल पाण्यात, नुसते हातपाय हलवत, ती शेवंताबाईंची वाट बघत राहिली.