घंटेआधीची फळी

मित्रांनो, मी अक्रोडाची एक जुनी फळी. तीन हात लांब, मध्ये तीन बोटे जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेली. सध्या मी अनातोलियातल्या एका तळघरात, मिठाच्या पाण्यात मुरणाऱ्या द्राक्षपानांच्या दोन पिंपांवर दडपण म्हणून आडवी पडून आहे. पण एके काळी माझ्या आवाजावर अख्ख्या गावाचा दिवस चालत असे.

प्रोद्रोमोस हा आमच्या चर्चचा सेवक. त्याच्या आजोबांनी मला घडवले. थोडे तासायचे, मोगरीने ठोकून ऐकायचे, पुन्हा तासायचे, असे त्यांनी महिनाभर केले. मध्यावर ठोका पडला की मी खर्जात बोलत असे, टोकावर पडला की तीक्ष्ण. तुर्की सुलतानाच्या राज्यात ख्रिस्ती लोकांना घंटा टांगण्याची परवानगी नव्हती, म्हणून मी होते. माझे कौतुक करणारे हे सहसा बोलत नसत.

प्रार्थनेला सावकाश ठोके, मरणाला एकेक. आग लागली तर पातळ टोकावर न थांबता ठोके. ते ऐकून ओढ्यापलीकडच्या मुसलमान मोहल्ल्यातूनही माणसे बादल्या घेऊन धावत. तिथला दुर्मुश लोकर दाबून जाड नमदे, म्हणजे अंथरायच्या चटया, बनवी. तो म्हणायचा, "तुमची फळी वाजली की माझी बायको रोट्या टाकते. एक दिवस उशीर करा, मी उपाशी कामाला लागेन."

मग सुलतानाचे फर्मान आले. सगळ्या धर्मांची प्रजा समान. चर्च दुरुस्त करा, घंटा टांगा. बैलगाडीतून घंटा आली तेव्हा प्रोद्रोमोस तिला कवटाळून रडला. मला तळघरात नेताना वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण तो दिवस त्याच्या आजोबांनी पाहायला हवा होता, असेही वाटले.

पहिले काही आठवडे घंटा थांबेचना. कुठल्याही संताचा दिवस आला की वाजव. दुर्मुश कुरकुरत ओढा ओलांडून आला, आता आम्ही बहिरे व्हायचे का, असे विचारू लागला. तीन पिढ्या गप्प राहिलेल्या घरातला प्रोद्रोमोस म्हणाला, "कानात लोकर घाल. तुझ्याकडे काय कमी आहे?"

दुर्मुश हसला नाही. त्यानंतर दोघांचे बोलणे बंद झाले.

द्राक्षतोडणीच्या दिवसांत एका दुपारी प्रोद्रोमोसच्या घराला लागून असलेल्या गवताच्या कोठाराने पेट घेतला. आमच्या मोहल्ल्यातले पुरुष दूरच्या मळ्यांत गेलेले. माडीवर प्रोद्रोमोसची अंथरुणाला खिळलेली आई, आणि जिना कोठाराच्या बाजूने. तो जीव तोडून घंटा वाजवत राहिला. ओढ्यापलीकडून एकही माणूस आला नाही.

त्याची बायको माक्रिना तळघरात धावत आली. तिने मला पिंपांवरून खेचले, अंगणात दोन दगडांवर टेकवले आणि मुसळ घेऊन माझ्या पातळ टोकावर ठोके घालू लागली. मी मिठाच्या पाण्याने फुगले होते. आवाज बसका निघत होता, पण ठोके तेच होते.

आधी दुर्मुश आला, त्याच्यामागे त्याचे कारागीर. खांद्यांवर हौदातून काढलेले, पाणी गळणारे नमदे. त्यांनी ते जिन्यावर आणि भिंतीवर पसरले. ओल्या लोकरीतून हवा जात नाही. आगीचा श्वास कोंडला. दुर्मुश म्हातारीला पाठीवर घेऊन खाली उतरला.

मग प्रोद्रोमोस त्याच्यासमोर उभा राहिला. "घंटा ऐकू आली नाही?"

"आली की. वाटलं, तुमचा आणखी एक सण."

"मग आलास कसा?"

"फळी वाजली," दुर्मुश म्हणाला. "सण असता तर तिला कोण विचारतंय?"

प्रोद्रोमोसने मान खाली घातली. तो म्हणाला, "ते लोकरीचं मी बोलायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी दोघे घंटेखाली बसले. आगीला घंटेचे ठोके कसे असावेत ते ठरले आणि दोन्ही मोहल्ल्यांत सांगितले गेले. तेव्हापासून तोडणीच्या पहिल्या दिवशी सरावासाठी घंटेचा दोर दुर्मुशच ओढतो. दरवर्षी त्याचा ताल चुकतो, आणि प्रोद्रोमोस त्याला सगळ्यांदेखत टोमणे मारतो.

मित्रांनो, मला पुसून पुन्हा चर्चच्या दारात टांगा, असे मी मागत नाही. मी एका मनाईतून जन्मले. घंटाच वाजायला हवी. एवढेच मागते, की उशिरा मिळालेला हक्क खुशाल मोठ्याने वाजवा, पण त्याचा अर्थ शेजाऱ्याच्या दारी जाऊन सांगा. आणि शेजाऱ्यानेही कुरकुरण्याआधी एकदा विचारावे.

माझे एक टोक त्या दिवशी फुटले. तरी तोडणी सुरू झाली, की दुर्मुशचे ते बेताल ठोके तळघरापर्यंत पोहोचतात, आणि मी दोन पिंपांवर जागच्या जागी थोडी थरथरते.