चोवीस गॅलन पाणी

ट्रेलरचं दार फ्लिंटपासूनच लागत नव्हतं, आणि कांचनने ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

नंदूची दुधाची बाटली आणायला ती तिथल्या हायवेवरच्या रेस्ट एरियात ट्रेलरमध्ये चढली, बाटली घेऊन उतरली आणि दार ओढलं, तर ते वरच्या कोपऱ्यात अडकून बसलं. खांद्याने रेटलं, कमरेने रेटलं, शेवटी एक लाथही घातली. दमट हवेत दारं फुगतात, तसंच हे असणार, अशी तिने स्वतःची समजूत काढली. दार ॲल्युमिनियमचं होतं आणि मिशिगनमध्ये आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. पण समजूत काढायचीच म्हटलं की बाईमाणूस धातूसुद्धा फुगवून दाखवतं. मग आतल्या पिशवीत हाताला लागलेल्या एका परकराची नाडी तिने ओढून काढली, दाराची मूठ आणि बाहेरचा दांडा एकमेकांना बांधून दोन निरगाठी मारल्या आणि स्टेशन वॅगनमध्ये येऊन बसली.

"ऑल ओके?" स्टीअरिंगवरून तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने, विचारलं.

"एकदम."

खरं सांगितलं असतं तर त्याने तिथूनच गाडी नोव्हायकडे, घरी, वळवली असती. ही सहल आधी दोनदा कॅन्सल झाली होती, एकदा नंदूच्या तापापायी आणि एकदा श्रीरंगच्या ऑफिसपायी. आता गुरुवारी सासूबाईंचं विमान होतं. हा शेवटचा शनिवार-रविवार. सासूबाई सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा सात समुद्र ओलांडून येणार नव्हत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

सासूबाई म्हणजे सरलाबाई. बार्शीच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. 'जगातलं सर्वांत विस्तीर्ण गोड्या पाण्याचं सरोवर कोणतं?' असं त्या दरवर्षी विचारायच्या, आणि बार्शीची चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, 'सुपीरिअर!' अमेरिकेत आल्यापासून पाच महिन्यांत त्यांनी कशाचा हट्ट केला नव्हता. मॉलमध्ये नेलं तर मॉल पाहिला, बेसमेंट दाखवलं तर बेसमेंट पाहिलं. एकदाच, भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "ते सुपीरिअर इथून फार लांब आहे का गं? एवढं समुद्रासारखं पाणी आणि खारट नाही म्हणे. पोरांना सांगत आले, पण सगळं पुस्तकाच्या भरवशावर. एकदा जिभेवर घेऊन बघावं म्हणते."

अडचण फक्त चातुर्मासाची होती. चातुर्मासात त्या परान्न घेत नसत. आपल्या घरी, आपल्या हाताने शिजेल तेवढंच खायचं. मग मोटेलात राहून रेस्टॉरंटमध्ये जेवणार कसं? त्यावर कांचनच्या सुपीक डोक्यातून तोडगा निघाला: घरच बरोबर न्यायचं! फ्लोरिडाला निघालेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून तिने श्रीरंगला जुना ट्रेलर घ्यायला लावला. आत गॅस, सिंक, दोन बिछाने. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी 'सून असावी तर अशी' म्हटलं, आणि कांचनने ते 'काहीतरीच हं' म्हणत व्यवस्थित ऐकून घेतलं.

गाड्यांच्या फ्रेम किती भार सोसतात याचं गणित मांडणं हीच श्रीरंगची नोकरी होती. त्याने कागदावर ट्रेलरचं चित्र काढून फ्रीजवर लावलं. जड सामान चाकांच्या पुढे. मागच्या बिछान्याखाली फक्त उशा-पांघरुणं. 'मागे' या शब्दाखाली तर दोन रेघा. कांचनने तो कागद वाचला, त्यावर किराणा सामानाची यादी लावली आणि ट्रेलर भरायला घेतला. पुढच्या बाजूला नंदूच्या पाळण्याचं सामान. मग जड वस्तू कुठे ठेवणार? मागेच की.

ग्रेलिंगच्या अलीकडे एका ट्रकवाल्याने शेजारून जाताना जोरजोरात हॉर्न दिला आणि मागे बोट दाखवलं. श्रीरंगने पुढच्या रेस्ट एरियात गाडी घेतली. ट्रेलरला वळसा घालून तो दारापाशी थांबला.

"कांचन, हे काय आहे?"

"नाडी."

"नाडी आहे ते दिसतंय मला."

सरलाबाई नंदूला कडेवर घेऊन मागोमाग आल्या. चष्मा सावरून त्यांनी निरखून पाहिलं. "माझ्या चॉकलेटी परकराची आहे ही," एवढंच म्हणाल्या.

श्रीरंग पाठीवर झोपून ट्रेलरखाली सरकला. बराच वेळ नुसते त्याचे बूटच दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मळला होता, आणि आवाज फार शांत होता.

"चाकांच्या मागे फ्रेमला तडा गेलाय. नख घुसेल एवढा. मागचा भाग खाली लोंबतोय, म्हणून दार लागत नाही. कधीपासून लागत नाहीये?"

"फ्लिंटपासून."

"म्हणजे शंभर-सव्वाशे मैल? मुलं गाडीत असताना?"

कांचन नाडीची निरगाठ सोडायला लागली.

"मॉमी, इज अवर हाउस ब्रोकन?" चार वर्षांच्या वीणाने विचारलं.

"थोडंसंच, राणी."

"मागच्या बिछान्याखाली काय आहे?" श्रीरंगने विचारलं.

"उशा."

"आणि?"

आणि मग पिकनिक टेबलावर कांचनचा संसार उघड्यावर मांडला गेला. तांदळाची गोणी, शिकागोची वारी करून डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांतून आणलेलं कणकेचं पोतं, दोन कुकर, बिडाचा तवा, खलबत्ता. शेजारच्या टेबलावरचं जोडपं सँडविच हातात धरून पाहत राहिलं. पण खरा खजिना तळाशी होता. प्लॅस्टिकचे कॅन. एक निघाला, दोन निघाले, दहा निघाले. श्रीरंग मोजत होता, वीणा त्याच्याबरोबर इंग्रजीत मोजत होती. ट्वेंटी-फोर!

"यात काय आहे?"

"पाणी," कांचन पुटपुटली. "उकळून, गाळून भरलंय. परगावचं पाणी मुलांना बाधतं."

"चोवीस गॅलन. दोनशे पाउंड." श्रीरंग खाली बसला. "कांचन, आपण कुठे चाललोय?"

"लेक सुपीरिअरला."

"तिथे काय असतं?"

कांचनने एका कॅनचं झाकण उगाच घट्ट केलं. सरलाबाईंनी, वर्गातल्या कच्च्या मुलीला इन्स्पेक्टरसमोर उत्तर सुचवावं तसं, हळूच सांगितलं, "पाणी."

श्रीरंगला हसू फुटलं. ते त्याला नको होतं, तरीही फुटलंच. कांचन मात्र हसता हसता रडायला लागली, आणि आपण नक्की काय करतोय ते तिचं तिलाही कळेना.

सगळं सामान वॅगनमध्ये कोंबलं आणि रिकामा ट्रेलर गोगलगायीच्या चालीने पुढच्या एक्झिटपर्यंत गेला. तिथे वॉल्ट नावाचा म्हातारा वेल्डर होता. तो खाली वाकला, टॉर्च फिरवला आणि म्हणाला, जुना गंज होताच, पण एवढ्यावर मोडायचं काही कारण नव्हतं. आत काय होतं? श्रीरंगने सांगितलं. वॉल्टने टोपी काढून डोकं खाजवलं. जिकडे चाललात तिकडेही थोडंफार पाणी आहे बरं का, म्हणाला.

मग त्याने काम समजावून सांगितलं. आधी तड्याच्या टोकाला बारीकसं भोक पाडायचं, म्हणजे तडा तिथेच थांबतो. नाहीतर वरून कितीही वेल्डिंग केलं तरी तो आतून पळत राहतो. मग वेल्डिंग, त्यावर पोलादी पट्टी. रविवारी सकाळी घेऊन जा.

कांचनने मान डोलावली. एक बारीक भोक फ्लिंटला पाडलं असतं, 'श्रीरंग, दार लागत नाहीये' एवढंच, तर शंभर मैल वाचले असते.

पण रविवारी म्हणजे संपलंच. ट्रेलर नाही, म्हणजे स्वयंपाकघर नाही. सरोवर अडीच-तीन तासांवर, आणि सासूबाई सकाळी घरून घेतलेल्या दशमीवर. उपाशी म्हातारीला किती फिरवणार?

"आई, माझं चुकलं," गॅरेजबाहेर कांचन म्हणाली. "तुमचं सुपीरिअर मी घालवलं. आता परत जाऊ."

"परत का?" सरलाबाईंनी विचारलं. "गाडी तर चालतेय."

"पण तुमचं जेवण? परान्न..."

"अगं, तीन दगड मांडले की चूल होते. चुलीवर मी रांधलं की ते माझं घर. श्रीरंगच्या जन्माआधी मी काय गॅसवर शिजवत होते? तांदूळ आहेत, डाळ आहे, पाण्याला तर," त्या जरा थांबल्या, "तोटा नाही."

कांचन पाहतच राहिली. "मग हे आधी का नाही सांगितलंत? आम्ही एवढा ट्रेलर घेतला तुमच्यासाठी!"

"तू इतक्या हौसेने घेतलास. पडदेसुद्धा शिवलेस. तुझा विरस कसा करू?"

म्हणजे ती सासूबाईंसाठी घर ओढून नेत होती, आणि सासूबाई तिच्यासाठी त्या घरात बसल्या होत्या. फ्रेम दोघींच्या चांगुलपणाने मोडली होती.

वॉल्टकडे तेवीस कॅन ठेवून ते निघाले. सरोवराकाठच्या ब्रिमलीजवळ पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. झाडी संपली आणि समोर काहीच उरलं नाही, नुसतं पाणी. पलीकडचा काठ नाही. लाटासुद्धा समुद्रासारख्या येत होत्या. सरलाबाईंनी चपला काढल्या, पातळ घोट्यांच्या वर उचललं आणि चालत गेल्या. पाणी बर्फासारखं होतं. कांचन हात धरायला धावली, तर त्यांनी तो हात हळूच बाजूला केला.

ओंजळ भरली. क्षणभर नुसतं बघितलं. मग घोट घेतला.

काठावर वीणा टाचा उंचावून बघत होती.

"गोडं आहे," त्या मागे वळून म्हणाल्या. मग पुन्हा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, "खरंच गोडं आहे गं!" त्यांचे डोळे वाहत होते. एकतीस वर्षं जे सांगत आलो ते खोटं नव्हतं, याची आज त्यांना पावती मिळाली होती.

वीणाने लगेच चव घेतली. "इट्स जस्ट वॉटर, आजी."

"तेच तर!" आजी म्हणाली.

कॅम्पग्राउंडच्या शेगडीवर लोकांनी मांस भाजलेलं, म्हणून सरलाबाईंनी काठावरचे तीन गोटे निवडून वाळूत चूल मांडली. वाळूत चूल पेटवायला मनाई होती, म्हणून श्रीरंग कुणी रेंजर येतो का ते पाहत उभा राहिला. ओल्या लाकडांनी धूर केला, खिचडी तळाशी लागली, आणि कांचनने तीन वेळा वाढून घेतली. नंदूला मात्र तिने घरच्या कॅनमधलंच पाणी पाजलं. सवय जाता जात नाही.

रात्र वॅगनमध्ये दाटीवाटीने काढून रविवारी ट्रेलर ताब्यात घेतला. तड्यावर हाताएवढी पोलादी पट्टी बसली होती, आणि दार एका बोटाने लागत होतं. वॉल्टने तेवीस कॅनमधलं पाणी आपल्या टोमॅटोंना घातलं होतं. चोविसावा कॅन आता पुन्हा भरलेला होता, सुपीरिअरच्या पाण्याने. तो बार्शीला जाणार होता. शाळेत अजून सरलाबाईंच्या दोन विद्यार्थिनी शिक्षिका होत्या.

कांचनने तो उचलला आणि सवयीने ट्रेलरच्या मागच्या बाजूला निघाली.

"कांचन," श्रीरंग, सरलाबाई आणि गॅरेजच्या दारातून वॉल्ट, तिघांनी एकदमच हटकलं. वॉल्टला तिचं नाव माहीत नव्हतं. त्याने नुसती शिट्टी मारली.

सरलाबाईंनी कॅन तिच्या हातून काढून घेतला, गाडीत बसल्या आणि पदर पसरून तो मांडीवर ठेवला. नोव्हायपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही. कांचन मांडीवर नंदूचं डोकं घेऊन शेजारी बसली होती. आठ पाउंडांचं पाणी सांभाळणाऱ्या त्या हातांकडे ती मधूनमधून बघत होती. फ्लिंट आलं तेव्हा तिने स्वतःहूनच सांगितलं, "श्रीरंग, थांब. दार एकदा बघून येते."