आत्याचा बाविसावा हात

साल एकोणीसशे बहात्तर. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्याच वर्षी आमच्या गावचा पोहण्याचा तलाव साडेसात महिने बंद राहून पुन्हा उघडला, आणि त्याच वर्षी माझ्या आत्याला एक्केचाळिसाव्या वर्षी चष्मा लागला. म्हणजे लागला नव्हता. तेच तर सांगायचंय.

तलाव बंद पडला तो कानांमुळे. आदल्या वर्षी तलावावर जाणाऱ्या निम्म्या मुलांचे कान वाहायला लागले आणि उरलेल्या निम्म्यांच्या अंगावर पुरळ उठलं. वर्तमानपत्राने पहिल्या पानावर 'तलाव की डबकं?' असं छापलं. मग आरोग्य खात्याची माणसं बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. निकाल आला तो असा: खोल बाजूच्या भिंतीला भेगा, भेगांत शेवाळ आणि शेवाळात जे काय असायचं ते. भिंत नीट करा, मगच पाणी सोडा.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि तलावाच्या खिडकीत बसून कपाटांच्या किल्ल्या द्यायचं काम करत होते. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि तलावावर शर्यती असल्या की वेळ नोंदवायचा मान त्यांचा. शर्यतीच्या सकाळी ते रेडिओच्या ठोक्यांशी आपलं स्टॉपवॉच तीनदा ताडून बघत. आमच्या घरात भांडणंसुद्धा मिनिटांवर व्हायची. "मी सव्वासातला आवाज दिला होता." "खोटं! सात सतरा झाले होते."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची, लग्न केलं नव्हतं आणि आमच्याकडेच राहायची. तलावाच्या दारात एक मोठा लाकडी फलक होता. त्यावर महिलांच्या शंभर मीटरपुढे तिचं नाव पांढऱ्या रंगात रंगवलेलं होतं: एक मिनिट चौदा पूर्णांक सहा दशांश सेकंद, साल १९५३. एकोणीस वर्षांत पुरुषांची नावं पाच वेळा खोडली गेली. आत्याचं नाव मात्र तिथेच. ती येता-जाता त्याच्याकडे बघतही नसे, आणि बघत नाही हे आम्हाला दिसेल याची काळजी घेई.

तलाव उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती उजव्या हाताची दोन बोटं सुजवून घरी आली.

"काय झालं?"

"काही नाही. भिंत."

दोन दिवसांनी उताणं पोहताना डोक्याला टेंगूळ. मग पुन्हा बोटं. पंचवीस मीटरला आत्याचे बावीस हात लागायचे. वीस वर्षं बावीसच, ना एकवीस ना तेवीस. आता बाविसावा हात पुरा व्हायच्या आतच भिंत येऊन थडकत होती.

"धाकटे," बाबा म्हणाले, "भिंत कशी येईल? तूच जातेस तिच्याकडे."

आईने भाकरी उलटता उलटता निदान करून टाकलं. "डोळे दाखवा वन्सं. परवा रस्त्यात मला न बघता गेलात."

"ते मी मुद्दाम."

तरी ती गेली. डोळ्यांचे डॉक्टर गावात एकच होते, तलावासमोरच त्यांचा दवाखाना होता, आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी म्हणजे तलावावरची सगळ्यांत वेगवान पोहणारी. एका जागी उभी राहायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. डॉक्टरांनी आत्याकडून अक्षरं वाचून घेतली, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "अंतराचा अंदाज चुकतोय. चाळिशीनंतर होतं बाई असं." आत्या तपकिरी काड्यांचा चष्मा घेऊन आली.

आईने विचारलं, "आता हा लावून पोहणार?"

"हो. तळाला पडलेली तुमची अक्कल दिसेल."

पण तो चष्मा तिच्या मनाला लागला. चार दिवस ती तलावावर गेली नाही.

चौथ्या रविवारी तलाव उघडल्याच्या निमित्ताने शर्यती झाल्या. भिंगरी फलकाच्या मागे लागली आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आत्यालाही. "मोडू दे की," ती म्हणायची, "एकोणीस वर्षं म्हणजे काय कमी झाली? फक्त मोडायचा तर नीट मोडावा."

भिंगरीने शेवटी भिंतीला हात लावला तेव्हा बाबांनी स्टॉपवॉच दाबलं आणि दोनदा बघितलं. एक मिनिट चौदा पूर्णांक तीन. पहिली टाळी आत्याने वाजवली. तिने भिंगरीला टॉवेल दिला, केस पुसायला लावले आणि "शाबास गं" म्हणाली. पुढच्या रविवारी सकाळी रंगारी येऊन फलक बदलणार असं व्यवस्थापकांनी तिथेच जाहीर केलं.

संध्याकाळी आत्या ओट्यापाशी शेंगा सोलत बसली होती. मध्येच तिने विचारलं, "दादा, माणूस म्हातारा झाला की त्याला पोहायला हात जास्त लागतात की कमी?"

"जास्त. ताकद घटते ना."

"मग मला कमी कसे लागायला लागले?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग पुन्हा वर घेतलं. "माझं घड्याळ बरोबर होतं," ते म्हणाले.

"घड्याळाला कोण काय म्हणतंय?"

 दुसऱ्या दिवशी तलावाच्या खिडकीशी येऊन ती मला म्हणाली, "आता तोंड उघडलं तर लोक काय म्हणतील? नाव पुसायची वेळ आली तेव्हा बाईला तलाव वाकडा दिसायला लागला. त्यात डोळ्यांना चष्मा. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"मी ठेवते."

"तू किल्ल्या ठेव नीट. काल बाराच्या कपाटाची अठराला दिलीस."

बुधवारी मात्र ती मला घेऊन गवंड्याकडे गेली. तलावाची दुरुस्ती केली तेच गवंडीदादा आत्याच्या शाळेचं कुंपण बांधत होते. आत्याने आधी कुंपणाचं कौतुक केलं. मग विचारलं, "तलावाची ती खोल बाजूची भिंत पाडून बांधलीत का हो?"

"पाडली असती तर मागचा रस्ता आत आला असता बाई! जुनी तशीच ठेवली. तिच्या पुढ्यात आतून नवी उभी केली, वर फरशी. बघा, शंभर वर्षं हलणार नाही."

"आतून म्हणजे... पाण्याच्या बाजूने?"

"मग काय रस्त्याच्या बाजूने?"

"म्हणजे तलाव तेवढा कमी झाला."

गवंडीदादांनी थापी पुसली. "झाला असणारच. मला म्हणाले पाणी झिरपता कामा नये. लांबीचं कोणी बोललंच नाही."

येताना आत्या इतकी भरभर चालत होती की मला धावावं लागलं. आमच्या घराची गंमत मला तेव्हा कळली. बाबांनी घड्याळ तीनदा ताडलं होतं. तलाव एकदाही मोजला नव्हता. वेळ तेवढी बदलते, भिंत जागच्या जागी असते, अशी आम्हा सगळ्यांची समजूत.

तरीही तिने शनिवारपर्यंत वाट पाहिली. शनिवारी दुपारी उठली, चष्म्याची डबी घेतली आणि डॉक्टरांचा दवाखाना गाठला. मी मागोमाग.

"डॉक्टर, हा चष्मा परत घ्या."

"का? नंबर बोचतोय?"

"नंबरच नाहीये. माझे डोळे ठीक आहेत. भिंत पुढे आलीय."

डॉक्टर हसले. समजूतदार माणसं हसतात तसे. "बाई, भिंती पुढे येत नाहीत. मी तुम्हाला त्रास होईल असं बोलू इच्छित नाही, पण माझ्या मुलीने विक्रम मोडला त्याच आठवड्यात..."

आत्याचा चेहरा पडला. ती ज्याला घाबरत होती तेच वाक्य होतं ते.

आतल्या दारात भिंगरी उभी होती. ती पुढे आली आणि तिने आपला उजवा हात टेबलावर, अक्षरांच्या तक्त्यावर ठेवला. मधल्या बोटाचं नख काळंनिळं पडलं होतं.

"हे कधी झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तलाव उघडला तेव्हापासून होतंय. तुम्हाला सांगितलं होतं बाबा. तुम्ही म्हणालात, उंची वाढतेय तुझी, हात लांब झालेत."

 मग आत्या खदखदून हसायला लागली. "वा डॉक्टर! एकच भिंत. तिला सांगितलं वाढतेयस आणि मला सांगितलं संपत आलीस!"

डॉक्टर भले गृहस्थ. कानांपर्यंत लाल झाले, पण दवाखान्याला कुलूप लावून आमच्याबरोबर निघाले. गवंडीदादांची पोलादी फीत आणली. बाबांना दुकानातून बोलावलं. डॉक्टरांना पोहता येत नव्हतं, म्हणून ते विजार दुमडून उथळ बाजूच्या पायरीवर बसले आणि त्यांनी फितीचं टोक भिंतीला दाबून धरलं. आत्या खोल बाजूला पाण्यात. काठावर गुडघे टेकून बाबा आकडा वाचत होते. त्यांनी तीनदा वाचला.

चोवीस मीटर चौऱ्याऐंशी.

"सोळा सेंटिमीटर," बाबा पुटपुटले. "चार फेऱ्यांना चौसष्ट." त्यांनी खिशातून पेन्सिल काढून हातावरच हिशोब मांडला. "अर्धा सेकंद होतो जवळजवळ." भिंगरीने विक्रम मोडला होता तीन दशांशांनी.

व्यवस्थापकांना घाम फुटला. "आता रंगाऱ्याला काय सांगू? कापडी फलक लागलेत, वर्तमानपत्रात आलंय. सोळा सेंटिमीटर म्हणजे एक वीतसुद्धा नाही हो!"

"तुमच्या नाकापुढे धरा, मग बघा," आत्या म्हणाली.  भिंगरीकडे तिने बघितलंही नाही.

भिंगरीच म्हणाली, "रंगाऱ्याला नका बोलावू. मला चोरलेलं नाव नकोय." मग थोडं थांबून, अगदी सोळा वर्षांच्या मुलीसारखं: "पण मी मोडणारच आहे हां मावशी."

"मोड ना. मी काय फलकाला चिकटून बसलेय?"

"बसलीच आहेस," बाबा म्हणाले.

शेजारच्या गावात नवा तलाव झाला होता. पंधरा दिवसांनी तिथे शर्यत ठरली. ते पंधरा दिवस आत्या रोज पहाटे भिंगरीबरोबर पाण्यात उतरायची. "भिंत आली की डोकं वर काढून बघतेस. कशाला? पळून जाणारे का ती? हात मोज आणि वळ." मी विचारलं, "आत्या, तू हिलाच शिकवतेस?" तर म्हणाली, "हरायचं तर चांगल्या माणसाकडून हरावं. आणि चांगलं माणूस आयतं मिळत नाही."

बाबा तिथे एका खिशात स्टॉपवॉच आणि दुसऱ्या खिशात पोलादी फीत घेऊन गेले. तिथले व्यवस्थापक भयंकर चिडले, पण बाबांनी आधी तलाव मोजला. पंचवीस मीटर, वर एक सेंटिमीटर. "हा वरचा कोणाच्या नावावर?" भिंगरीने विचारलं. "तुझ्या," आत्या म्हणाली. "पोह आता."

एक मिनिट चौदा पूर्णांक एक. आत्याने पुन्हा पहिली टाळी वाजवली, आणि या वेळी बराच वेळ थांबली नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून तिने डोळे पुसले. बाबा म्हणाले, "धाकटे, चष्मा हवाय का?" तिने त्यांना कोपर मारलं.

भिंगरीचं नाव फलकावर अकरा वर्षं राहिलं. ती पुढे कानाची डॉक्टर झाली, दूरच्या शहरात. तलावाने तिला काय काय दिलं ते यावरून समजावं. तिचे वडील त्यानंतर प्रत्येक पेशंटला आधी विचारत, "घरात काही बांधकाम केलंय का?" गवंडीदादा गेले, पण भिंत अजून उभी आहे, आणि झिरपत नाही. ती कोणी पाडली नाही. फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'तलावाची लांबी २४.८४ मीटर' एवढं मात्र रंगवून घेतलं. आमच्या गावची मुलं म्हणूनच घरी वाघ आणि बाहेरगावी शेळ्या.

बाबा शेवटपर्यंत फीत खिशात ठेवून हिंडले. लग्नात माझ्या सासरच्या दाराची उंची मोजून त्यांनी मला खाली मान घालायला लावली. आईने ऐंशी वर्षं पुरी केली आणि आत्याने रस्त्यात ओळख दाखवायची की नाही यावर दोघींचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. आत्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत पोहली. साठीला तिला खरंच चष्मा लागला, त्याच डॉक्टरांकडून. त्यांनी तीनदा तपासलं आणि तिने तपकिरी काड्याच मागून घेतल्या. पोहणं सुटलं तेव्हा तिला एकतीस हात लागत होते. "बघ," म्हणाली, "म्हातारपण असं असतं. मी सांगत होते ना."

मला हल्ली चौतीस लागतात. परवा डोळ्यांच्या नव्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आजी, नंबर वाढलाय. मी म्हटलं, वाढला असेल, पण आधी एकदा तुमची खोली मोजून घेऊ या.